वेस्टा लघुग्रह: आकाशदर्शनाच्या रात्री हमखास विचारले जाणारे प्रश्न

शनीची कडी बघून झाली, गुरूचे चंद्र मोजून झाले, की रांगेतलं कुणीतरी म्हणतंच, "एखादा लघुग्रह दाखवा ना!" मग दुर्बीण वेस्टाकडे वळवावी, तर दिसतो नुसता एक ठिपका. बघणारा हिरमुसतो, आणि पुढचा अर्धा तास त्या ठिपक्याची वकिली करण्यात जातो. त्या वकिलीत वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींना दोन ओळी पुरतात. दगडांच्या प्रश्नाला मात्र कितीही जागा दिली तरी कमीच पडते.

वेस्टा म्हणजे नेमकं काय?

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा जो मुख्य पट्टा आहे, त्यातला हा एक बडा मानकरी. अधिकृत नाव '४ वेस्टा'. चार हा शोधाचा क्रमांक आहे, आकाराचा नाही. सरासरी व्यास ५२५ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून हैदराबाद सरळ रेषेत जेवढं दूर, साधारण तेवढा. पण चेंडूसारखा गोल नाही. लांबी, रुंदी आणि उंची अनुक्रमे सुमारे ५७३, ५५७ आणि ४४६ किलोमीटर, म्हणजे खालून दाबलेल्या लाडवासारखा. त्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पावणेतीन पटीहून थोडं जास्त भरतं.

सूर्याभोवती एक फेरी तो ३.६३ वर्षांत पूर्ण करतो आणि स्वतःभोवती जेमतेम ५ तास २० मिनिटांत फिरतो. तिथे सकाळी चहाचं आधण ठेवलं, तर पावणेतीन तासांच्या आत सूर्य मावळलेला असेल.

हाच सगळ्यांत मोठा लघुग्रह का?

सेरेस याहून बराच मोठा आहे, व्यास सुमारे ९४० किलोमीटर. पण २००६ पासून सेरेसची गणना बटुग्रहांत होते. त्याला वगळलं तर वेस्टा पहिला, पण निसटता. पॅलस हा आकाराने जवळजवळ वेस्टाएवढाच आहे, वजनात मात्र मागे पडतो. मुख्य पट्ट्यातल्या सगळ्या लहानमोठ्या धोंड्यांचं वस्तुमान एकत्र केलं, तर त्यातला सुमारे दहावा हिस्सा एकट्या वेस्टाचा. अर्थात ती सगळी बेरीजसुद्धा आपल्या चंद्राच्या तीन टक्क्यांच्या आसपासच जाते.

जाता जाता: सिनेमात दाखवतात तसे तिथे दगड एकमेकांवर आपटत नसतात. दोन बऱ्यापैकी लघुग्रहांमध्ये लाखो किलोमीटर मोकळी जागा असते. यानं त्या पट्ट्यातून निर्धास्त आरपार जातात.

कुणी शोधला?

जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातले हाइनरिश ओल्बर्स. पेशाने डॉक्टर. दिवसा रोगी तपासायचे आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावरून आकाश. २९ मार्च १८०७ च्या रात्री त्यांना कन्या राशीत एक नवखा ठिपका दिसला.

हा शोध अपघाती नव्हता, आणि गंमत म्हणजे तो चुकीच्या तर्कावर उभा होता. १८०१ मध्ये सेरेस, १८०२ मध्ये पॅलस (तोही ओल्बर्स यांनीच शोधला) आणि १८०४ मध्ये जूनो सापडला होता. ओल्बर्स यांचं म्हणणं असं, की मंगळ आणि गुरूमध्ये पूर्वी एक पूर्ण ग्रह होता, तो फुटला, आणि हे त्याचे तुकडे. तुकडे एका जागी फुटले असतील तर फिरून फिरून त्याच वाटेने येणार. म्हणून कन्या आणि तिमिंगल या आकाशाच्या दोन भागांवर त्यांनी वर्षानुवर्षं नजर ठेवली. तर्क चुकीचा, चिकाटी खरी, आणि वेस्टा सापडला! तिथे पूर्ण ग्रह कधी झालाच नाही. गुरूच्या ओढाताणीने तो होऊ दिला नाही, असं आज मानलं जातं.

वेस्टाची कक्षा गणिती गाऊस यांनी सुमारे दहा तासांत मांडून दिली. आजच्या संगणकवाल्यांना दहा तास म्हणजे उशीर वाटेल, पण हे सगळं गणित हाताने केलेलं होतं.

'वेस्टा' हे नाव कुठून आलं?

नाव ठेवण्याचा मान ओल्बर्स यांनी गाऊस यांनाच दिला, आणि त्यांनी रोमन लोकांची चुलीची देवता निवडली. रोममध्ये तिच्या देवळात अग्नी अखंड तेवत ठेवायचा असे आणि तो सांभाळायला व्रतस्थ कुमारिका असत. आपल्याकडे नंदादीप विझू देत नाहीत, तसंच काहीसं. वेस्टावरच्या अनेक विवरांना याच कुमारिकांची आणि रोमन इतिहासातल्या नामवंत स्त्रियांची नावं आहेत: मार्सिया, कॅल्पर्निया, मिनुसिया, ऑपिया, कॉर्नेलिया. यातली पहिली तीन एकमेकांना चिकटून आहेत आणि बर्फाच्या बाहुल्यासारखी दिसतात.

चुलीच्या देवतेचं नाव मिळालेला हा गोळा एके काळी खरोखरच आतून पेटलेला होता, हे गाऊस यांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

मग याला ग्रह का म्हणत नाहीत?

म्हणत होते! १८०७ पासून १८४५ पर्यंत सूर्यमालेत अकरा ग्रह मोजले जात: बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, वेस्टा, जूनो, सेरेस, पॅलस, गुरू, शनी आणि युरेनस. १८४५ च्या डिसेंबरात पाचवा लघुग्रह सापडला आणि त्यानंतर रीघच लागली. पाठ्यपुस्तकात किती नावं कोंबणार? हळूहळू या सगळ्यांची वेगळी पंगत मांडली गेली.

बटुग्रह व्हायचं तर स्वतःच्या गुरुत्वाने गोलाकार व्हावं लागतं. वेस्टा बहुधा एकदा गोल होताही, पण पुढे खालच्या बाजूला असा तडाखा बसला की आकारच बिघडला. तेव्हा अधिकृत वर्गवारीत तो लघुग्रहच आहे. अभ्यासक मात्र त्याला आदिग्रह म्हणतात, म्हणजे ग्रह होता होता राहिलेला. माझ्या मते हाच शब्द त्याला न्याय देतो.

नुसत्या डोळ्यांनी दिसतो का?

सर्व लघुग्रहांत हाच एक असा आहे, की चांगल्या काळोखात आणि योग्य वेळी नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. त्याचा पृष्ठभाग अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी ४० टक्क्यांहून अधिक परतवतो, चंद्र बारा टक्क्यांच्या आसपास. म्हणून सेरेस मोठा असूनही वेस्टापेक्षा मंद दिसतो.

'योग्य वेळ' म्हणजे प्रतियुती, सूर्य आणि वेस्टा पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना येतात ती स्थिती. ती साधारण साडेसोळा महिन्यांनी येते, पण प्रत्येक वेळी अंतर सारखं नसतं. जून २०१८ ची प्रतियुती फार चांगली होती, प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितकं तेज जास्त) ५.३ पर्यंत पोहोचली. आपलं नशीब असं, की नेमकं त्याच दिवसांत महाराष्ट्रावर ढग. मे २०२५ मध्ये तो तूळ राशीत होता, पण तेज थोडं कमी आणि वर उन्हाळ्याची धूळ. पुढची प्रतियुती २०२६ च्या उत्तरार्धात येते.

शहरातून डोळ्यांनी दिसण्याची आशा धरू नका. साधी १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) पुरेशी आहे. अडचण दिसण्याची नाही, ओळखण्याची आहे. मोबाइलवरच्या आकाशाच्या नकाशात जागा बघा, द्विनेत्रीतून दिसणाऱ्या चांदण्या कागदावर टिंबांनी काढून ठेवा, आणि दोन-तीन रात्रींनी पुन्हा बघा. जे टिंब सरकलं तो वेस्टा. ओल्बर्सही याहून वेगळं काही करत नव्हते.

पंचांगात किंवा पत्रिकेत वेस्टा का नाही?

कारण १८०७ पर्यंत तो वेगळा ओळखलाच गेला नव्हता. जेमतेम दिसणारा, हजारो मंद ताऱ्यांत मिसळलेला ठिपका. तो हलतो हे कळायला आधी तिथल्या प्रत्येक ताऱ्याची नोंद असावी लागते. पाश्चात्त्य ज्योतिषातले काही लोक हल्ली पत्रिकेत वेस्टाही मांडतात. त्यावर आमचं काही म्हणणं नाही, रात्र छोटी असते.

वेस्टाचे दगड पृथ्वीवर आहेत, हे कसं कळलं? तिथे तर कुणी उतरलंच नाही!

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी दुर्बिणीच्या रांगेतून बाजूला घेतो.

गोष्ट सुरू होते २२ मे १८०८ ला. वेस्टाचा शोध लागून चौदाएक महिने झाले होते. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या श्टानर्न गावावर आकाशातून दगडांचा वर्षाव झाला. बाहेरून काळे चकचकीत आणि आतून राखाडी. हे दगड वेस्टाचे असावेत असं त्या वेळी कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. ते कळायला पुढे १६२ वर्षं जायची होती.

आकाशातून पडलेल्या दगडाला आपण अशनी म्हणतो. बहुतेक अशनी कधीच न वितळलेल्या, धूळ-खडे जुळून झालेल्या पदार्थाचे असतात. श्टानर्नचे तसे नव्हते. ते होते बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला खडक, आपल्या सह्याद्रीच्या कातळाचा दूरचा भाऊच. म्हणजे ते ज्या घरून आले, तिथे एके काळी लाव्हा वाहत होता. अशा अशनींना युक्राइट म्हणतात. जमिनीखाली खोलवर सावकाश थंड झालेले ते डायोजेनाइट, आणि दोन्हींचा चुरा आघाताने एकत्र दाबला जाऊन झालेले ते हॉवर्डाइट. तिघं एकाच घरची भावंडं. डोळ्यांदेखत पडलेल्या अशनींपैकी शंभरात पाच-सहा याच घराण्यातले निघतात.

१९७० मध्ये मॅककॉर्ड, अॅडम्स आणि जॉन्सन या तिघांनी वेस्टावरून परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. प्रत्येक खनिज प्रकाशाचे ठरावीक रंग गिळतं. वेस्टाच्या वर्णपटात जिथे खड्डे होते, तिथेच प्रयोगशाळेत युक्राइटच्या वर्णपटात खड्डे होते. मोठ्या लघुग्रहांत असा जुळणारा दुसरा कुणी नव्हता.

पण शंकेखोरांनी रास्त मुद्दा काढला. वेस्टावरून उडालेला दगड पृथ्वीपर्यंत येणार कसा? पट्ट्यात एक जागा अशी आहे, की तिथला दगड सूर्याभोवती तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात गुरूची एक होते. दर वेळी त्याच ठिकाणी गुरूचा धक्का बसून दगडाची कक्षा लांबट होत जाते आणि शेवटी तो आतल्या ग्रहांच्या वाटेवर येतो. पृथ्वीकडे येणारी गाडी तिथे मिळते, पण वेस्टा त्या स्टेशनापासून बराच लांब. मग दगड स्टेशनापर्यंत चालत गेले का?

१९९३ मध्ये बिन्झेल आणि शू यांनी उत्तर आणलं. वेस्टापासून थेट त्या स्टेशनापर्यंत वीसेक छोटे लघुग्रह त्यांना ओळीने सापडले, सगळे वेस्टासारख्याच वर्णपटाचे. फुटलेल्या पोत्यातून रस्ताभर दाणे सांडत जावेत तसे. आज वेस्टाच्या या कुटुंबात पंधरा हजारांहून अधिक सदस्य मोजले जातात. पुढे हबल दुर्बिणीच्या चित्रांत वेस्टाच्या दक्षिणेला भलंथोरलं विवर दिसलं, ते १९९७ मध्ये जाहीर झालं. पोतं कुठे फाटलं तेही समजलं.

शेवटचा पुरावा वेस्टाभोवती फिरून आलेल्या नासाच्या डॉन यानाने दिला (त्याची गोष्ट पुढे). त्यावरच्या उपकरणाने पृष्ठभागावरच्या लोहाचं ऑक्सिजनशी आणि सिलिकॉनशी असलेलं प्रमाण मोजलं, आणि ते या अशनींशी जुळलं.

आता माझ्यातर्फे एक सावधगिरीची सूचना. 'सगळे युक्राइट वेस्टाचेच' असं छातीठोक म्हणू नये. इबिटिरा नावाचा ब्राझीलमधला अशनी दिसायला युक्राइट आहे, पण त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (कमीजास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण बाकीच्यांशी जुळत नाही. त्याचं घर दुसरंच असणार. लाव्हा वाहिलेले आणखी काही छोटे ग्रह सूर्यमालेच्या सुरुवातीला होते आणि ते आता उरलेले नाहीत, असा त्याचा अर्थ.

याउलट काही दगडांचा पत्ता थेट गल्लीपर्यंत लागतो. २ सप्टेंबर २०१५ ला तुर्कस्तानातल्या सारिचिचेक गावावर एक हॉवर्डाइट पडला. सुरक्षा कॅमेऱ्यांत तो टिपला गेला, त्यावरून त्याची अवकाशातली वाट काढता आली. तो किती काळ अवकाशात भटकत होता, हे त्यावर झालेल्या वैश्विक किरणांच्या परिणामावरून मोजता येतं: सुमारे २.२ कोटी वर्षं. वेस्टावर अँटोनिया नावाचं विवर आहे, त्याचं वयही तेवढंच निघतं.

आपल्याकडे असा दगड पडला आहे का?

पडला आहे, आणि तोही खानदेशात! २९ जून १८४३ ला मानेगाव इथे पडलेला अशनी डायोजेनाइट आहे. जुन्या नोंदींत ठिकाण दिलंय ते एदलाबादजवळचं, म्हणजे आजचं मुक्ताईनगर. नोंदलेलं वजन फक्त ४२ ग्रॅमच्या आसपास, दोन पेढ्यांएवढं. डायोजेनाइट हा लघुग्रहाच्या कवचात खोलवर तयार होणारा खडक. म्हणजे वेस्टाच्या पोटातला तुकडा ऐन पावसाळ्याच्या तोंडावर तापीच्या खोऱ्यात येऊन पडला. जळगावच्या शाळांत हे शिकवलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं.

राजस्थान याबाबतीत अधिक भाग्यवान. ३० ऑक्टोबर १९९४ ला जोधपूर जिल्ह्यात लोहावट इथे हॉवर्डाइट पडला, आणि २० जून १९९६ ला पाली जिल्ह्यात पिपलिया कलां इथे युक्राइट, सुमारे ४२ किलोचा. या दुसऱ्या दगडाने खगोलशास्त्रात जे काम केलं, ते पुढच्या उत्तरात.

एवढासा गोळा वितळला कशाने?

पृथ्वी मोठी आहे, आतली उष्णता धरून ठेवते. वेस्टा एवढा लहान, की तो लवकर थंड व्हायला हवा. तरीही तिथे लाव्हा वाहिला. शेगडीत इंधन कोणतं होतं?

बऱ्याच वर्षांपासून संशय होता अॅल्युमिनियम-२६ वर. हा अॅल्युमिनियमचा किरणोत्सारी भाऊ. दर सात लाख वर्षांनी (नेमकं सांगायचं तर थोडी जास्तच) निम्मा होतो आणि होताना उष्णता देतो. सूर्यमाला जन्मली तेव्हा तो धुळीत मिसळलेला होता. पहिल्या दहा-वीस लाख वर्षांत जे गोळे जमले, त्यांच्या पोटात तो भरपूर गेला आणि ते आतून वितळले. उशिरा जमलेल्यांना निवलेली शेगडी मिळाली.

पण पुरावा? अॅल्युमिनियम-२६ केव्हाच संपला आहे. तो होता याची खूण म्हणजे त्याच्या ऱ्हासातून उरलेलं मॅग्नेशियम-२६, नेहमीपेक्षा किंचित जास्त प्रमाणात. वितळून थिजलेल्या खडकात ही खूण मिळत नव्हती. ती सापडली पिपलिया कलांच्या दगडात, आणि शोधली अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत. श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांचा तो निबंध १९९९ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. राजस्थानातल्या रानात पडलेल्या दगडावरून वेस्टाच्या चुलीत काय जळत होतं, ते अहमदाबादेत कळलं. वेस्टाबद्दलच्या गोष्टींत मला सर्वांत आवडते ती ही.

यान गेलं होतं ना? त्याने काय पाहिलं?

नासाचं डॉन. २७ सप्टेंबर २००७ ला निघालं, १६ जुलै २०११ ला वेस्टाभोवती फिरू लागलं, ५ सप्टेंबर २०१२ ला तिथून निघालं आणि मार्च २०१५ मध्ये सेरेसला पोहोचलं. पृथ्वीबाहेरच्या दोन वेगवेगळ्या गोलांभोवती कक्षेत राहिलेलं हे पहिलं यान. हे जमलं ते आयन इंजिनामुळे. झेनॉन वायूचे विद्युतभारित कण मागे फेकत जायचं. जोर किती? तळहातावर एक कागद ठेवल्यावर जेवढा जाणवतो तेवढा. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर गाठायला चार दिवस. पण ते वर्षानुवर्षं ढकलतच राहतं, म्हातारीने वाती वळाव्यात तसं.

मोहीम मार्च २००६ मध्ये चक्क रद्द झाली होती आणि त्याच महिन्यात परत मंजूर झाली. वेस्टाजवळ ते सरासरी २१० किलोमीटर उंचीपर्यंत उतरलं आणि सुमारे ३१ हजार चित्रं पाठवली. एका गोष्टीने अभ्यासक चक्रावले, ती म्हणजे जागोजागी पसरलेले काळे डाग. विष्णू रेड्डी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हा काळेपणा वेस्टाचा नाही. कार्बनयुक्त लघुग्रह येऊन आपटले, त्यांची ती काजळी.

ते मोठं विवर केवढं आहे?

रियासिल्व्हिया. व्यास सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे जवळपास वेस्टाएवढाच! दक्षिण ध्रुवाची सगळी बाजूच खरवडून गेली आहे. आपलं लोणार १.८ किलोमीटरचं. तशी पावणेतीनशे लोणार ओळीने मांडली तर हे विवर पार होईल. तुलना नुसती आकाराची नाही. लोणार हे बेसॉल्टमध्ये झालेलं आघातविवर आहे, आणि पृथ्वीवर अशी चांगली टिकलेली विवरं फार थोडी आहेत. वेस्टाचं कवच बेसॉल्टी असल्याने तिथलं प्रत्येक विवर एका अर्थी लोणारच. बुलढाण्याला जाऊन आलेल्या माणसाने वेस्टाची थोडीशी ओळख करून घेतलेली असते.

रियासिल्व्हियाच्या मधोमध वीस किलोमीटरहून उंच शिखर आहे, म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई असे बारा थर. हा आघात सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या खाली आणखी जुनं, चारशे किलोमीटरचं व्हेनेनिया विवर दबलेलं आहे. या तडाख्यांनी विषुववृत्ताभोवती लांबच लांब चर पडले. त्यांतला डिव्हालिया ४६५ किलोमीटर लांब आहे.

इथे एक कोडं अजून तसंच आहे. एवढं खोल खणल्यावर प्रावरणातलं (कवचाखालच्या थरातलं) ऑलिव्हिन हे हिरवट खनिज विवराच्या तळाशी भरपूर दिसायला हवं होतं. तिथे ते दिसलंच नाही. सापडलं ते उलट्या टोकाला, उत्तर गोलार्धात, बेलिसिया आणि अरुन्शिया या विवरांजवळ!

वेस्टाच्या पोटात लोखंडी गाभा आहे ना?

२०२५ पर्यंत मी या प्रश्नाला 'हो' म्हणून पुढे जात असे. डॉनच्या गुरुत्वमापनावरून सुमारे ११० किलोमीटर त्रिज्येचा गाभा असल्याचं २०१२ मध्ये मांडलं गेलं होतं. अशनींचीही साक्ष होती: लोखंडाबरोबर बुडणारे धातू युक्राइटमध्ये फारच कमी, म्हणजे ते खाली गाभ्यात गेले असणार. अंटार्क्टिकात सापडलेल्या एका युक्राइटमध्ये तर जुन्या चुंबकत्वाची खूण आहे, आणि चुंबकत्वाला वितळलेला गाभा लागतो.

एप्रिल २०२५ मध्ये रायन पार्क आणि सहकाऱ्यांनी तीच जुनी मापनं अधिक बारकाईने तपासली. वेस्टा फिरताना किती डुलतो त्यावरून आत जड भाग किती मध्यभागी साठला आहे ते कळतं. त्यांना आतला भाग बराचसा एकसारखा आढळला, मोठ्या गाभ्याला फारशी जागा उरली नाही. मग दोन शक्यता. एक, वितळणं सुरू झालं पण पुरं झालं नाही. दुसरी, वेस्टा हा स्वतंत्र गोळाच नाही, एखाद्या आधी वितळून थर झालेल्या मोठ्या ग्रहाचा उडालेला तुकडा आहे.

पहिली शक्यता दगडांच्या साक्षीशी भांडते. दुसरी भांडत नाही, पण मग तो मूळ ग्रह कुठे गेला ते सांगावं लागतं. ओल्बर्स यांचा 'फुटलेला ग्रह' दोनशे वर्षांनी दुसऱ्या दाराने आत आला, असं मला गमतीने म्हणावंसं वाटतं. तो ग्रह त्यांनी कल्पिलेला नव्हे, तरीही. एका निबंधावर निकाल लावायची घाई मात्र नको.

तिथे माझं वजन किती भरेल?

६० किलोच्या माणसाचा काटा दीड किलो दाखवेल. वेस्टावरून कायमचं निसटायला सेकंदाला साधारण ३६० मीटर वेग पुरतो, रायफलची गोळी याहून जोरात सुटते. आघाताने उडालेले दगड तिथून इतक्या सहज का निघाले, ते यावरून कळेल.

पाणी, सोनं, खाणकाम?

ओलावा बांधून ठेवणारी खनिजं थोडी आहेत, तीही बाहेरून आलेली. सोन्यासाठी मात्र दुसरं दार बघा.

तो पृथ्वीवर आदळेल का?

नाही. त्याची कक्षा मंगळाच्या पलीकडे आहे आणि तो पृथ्वीच्या सतरा कोटी किलोमीटरच्या आत येत नाही. पण वेगळ्या अर्थाने तो आपल्याला सतावतो. सेरेस आणि वेस्टा अधूनमधून एकमेकांच्या जवळून जातात, आणि त्या भेटींत कक्षेच्या गणितातली इवलीशी चूक झपाट्याने वाढत जाते. फ्रान्सच्या लास्कर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की यामुळे पृथ्वीची कक्षा किती लांबट होती किंवा असेल, हे सहा कोटी वर्षांपलीकडे खात्रीने सांगता येणार नाही, मग संगणक कितीही मोठा आणा.

मला शेतात एक काळा जड दगड सापडला आहे. वेस्टाचा असेल का?

महाराष्ट्रात ही अडचण दुप्पट आहे, कारण आपली जमीनच बेसॉल्टची. नव्व्याण्णव वेळा तो इथलाच कातळ किंवा जुन्या भट्टीतला लोखंडाचा मळ निघतो. लोहचुंबक चिकटतो का, ही नेहमीची परीक्षा इथे फसते, कारण युक्राइटमध्ये धातू जवळजवळ नसतोच. बघायची ती साल. हवेतून येताना वरचा थर वितळून कागदाएवढं पातळ, काळं, चकाकणारं कवच तयार होतं, आणि कुठे टवका उडाला असेल तर आतला रंग एकदम फिका राखाडी दिसतो. भोकंभोकं असलेला दगड असेल तर बहुधा तो इथल्याच लाव्ह्याचा.

साल तशी दिसली तर दगड धुऊ नका, तेल किंवा शेंदूर लावू नका, फोडून वाटू नका. सापडला तिथला फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयात कळवा. देशातल्या अशनींची नोंद आणि जपणूक त्यांच्याकडे असते. मानेगावचा दगड ४२ ग्रॅमच नोंदीत आला. बाकीचा, असलाच तर, कुठल्या बांधात गेला कुणास ठाऊक.